सॉफ्टवेअर-चाचणी व गुणवत्ताहमी

सॉफ्टवेअर-चाचणी व गुणवत्ताहमी : संगणकाकडून इष्ट कार्य करवून घेण्यासाठी रचलेल्या आज्ञावल्या, त्यांना लागणारी माहिती आणि त्यांच्या रचनेविषयीचे लेख यांना मिळून सॉफ्टवेअर म्हणतात. आज्ञावलीस निरनिराळी आदाने देऊन ती चालवून पाहणे आणि मिळालेली प्रदाने अपेक्षेशी ताडून तिच्यातील दोष हुडकून काढणे, या क्रियेस चाचणी म्हणतात. दोष मुळात शिरू नयेत आणि शिरलेच, तर ते शक्य तितक्या लवकर हाती लागावेत, यासाठी प्रकल्पाच्या आरंभापासून केलेली सर्व व्यवस्था म्हणजे गुणवत्ताहमी होय. व्यवहारात या दोन गोष्टी एकच समजल्या जातात व त्यातून बरेच अनर्थ झालेले आहेत. चाचणी ही कामाच्या अखेरीस उरकावयाची बाब आहे, या समजुतीपासून ती कामाच्या अंगातच मुरलेली असली पाहिजे, या जाणिवेपर्यंतचा प्रवास हाच या विषयाचा इतिहास आहे. हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. योग्य दिशा दाखविणारा निबंध १९४९ सालीच लिहिला गेला होता. परंतु त्याकडे बराच काळ कोणाचे लक्ष गेले नाही.

इतर अभियांत्रिकी शाखांतील अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही. यंत्राचा दात झिजतो, तार गंजते, पुलाची कमान कालांतराने खचते. आज्ञावली झिजत नाही. तिच्यात जो दोष असतो तो पहिल्या दिवसापासून असतो आणि तिच्या प्रत्येक प्रतीत तंतोतंत तसाच उतरतो. म्हणून हजार नगांतून दहा नग उचलून तपासण्याची कारखान्यातील रीत येथे निरर्थक ठरते. दुसरी अडचण संख्येची आहे. प्रत्येकी ३२ द्विमान अंकांच्या दोन संख्यांची बेरीज करणारी एखादी क्षुल्लक आज्ञावली घेतली, तरी तिच्या सर्व शक्य आदानांची संख्या २ चा ६४ वा घात इतकी होते. दर सेकंदाला शंभर कोटी बेरजा तपासल्या, तरी हे काम संपण्यास सु. ५८५ वर्षे लागतील. सर्व शक्यता तपासणे अशक्य असल्यामुळे काय तपासावे, कोणी तपासावे व केव्हा तपासावे हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

प्रारंभ : यंत्र निर्दोष असले, तरी त्यास दिलेली आज्ञा चुकीची असू शकते, ही जाणीव प्रत्यक्ष संगणकापेक्षा जुनी आहे. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित वैश्लेषिक यंत्रावरील एका लेखाचे एडा लव्हलेस (१८१५–५२) यांनी केलेले भाषांतर १८४३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यास जोडलेल्या विस्तृत टिपांत, यंत्रणा अचूक चालली, तरी छिद्रित कार्डे तिला चुकीचा हुकूम देऊ शकतील, असे त्यांनी नमूद केले आहे. पुढे ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्व्हर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या यंत्राच्या एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला व तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. संगणकातील दोषास ‘बग’ (कीटक) हे नाव या प्रसंगावरून पडले, असे मोठ्या चवीने सांगितले जाते. वस्तुतः टॉमस एडिसन यांनी हा शब्द याच अर्थाने १८७८ मधील एका पत्रात वापरलेला आढळतो. पतंगाची नोंद करणाऱ्यांना विनोद सुचला तोही हा शब्द आधीच रूढ असल्यामुळेच.

केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम कार्यान्वित झाला. त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स (१९१३–२०१०) यांनी त्यावर सोडविण्यासाठी एका अवकल समीकरणाची आज्ञावली लिहावयास घेतली. आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जाणार आहे, हे आपल्याला जिना चढताना एकाएकी उमगले, असे त्यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. या आज्ञावलीची एक जुनी कागदी फीत पुढे तपासण्यात आली, तेव्हा सु. १२६ ओळींच्या त्या आज्ञावलीत वीसच्या आसपास चुका आढळल्या. विल्क्स हे कुशल गणिती व अनुभवी अभियंते होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

याच एडसॅकच्या निमित्ताने केंब्रिज येथे भरलेल्या परिषदेत २४ जून १९४९ रोजी ॲलन ट्युरिंग (१९१२–५४) यांनी एक छोटा निबंध वाचला. मोठी आज्ञावली बरोबर आहे हे तपासावे कसे, हा त्याचा विषय होता. ट्युरिंग यांनी दिलेला दृष्टांत शाळकरी पोरालाही समजेल असा आहे. पाच-सहा मोठ्या संख्यांची बेरीज एखाद्याने केली आणि केवळ उत्तर पुढे ठेवले, तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज एका दमात पुन्हा करावी लागते. बेरीज करणाराने प्रत्येक स्तंभाचे हातचे लिहून ठेवले असतील, तर प्रत्येक स्तंभ स्वतंत्रपणे तपासता येतो; तपासणाऱ्या व्यक्तीही निरनिराळ्या असू शकतात. त्याचप्रमाणे आज्ञावली लिहिणाऱ्याने ठराविक टप्प्यांवर कोणती विधाने सत्य असावयास हवीत ते लिहून द्यावे. ती विधाने एकेक करून तपासली म्हणजे संपूर्ण आज्ञावलीची यथार्थता आपोआप सिद्ध होते, असे त्यांचे म्हणणे होते. आज्ञावली कधीतरी थांबेल हेही निराळे सिद्ध करावे लागते, हे त्यांनी दाखवून दिले. या निबंधातील खरी नवी गोष्ट गणिती नसून व्यावहारिक आहे, असे म्हणता येईल. तपासणाऱ्याची सोय करण्याची जबाबदारी ट्युरिंग यांनी लिहिणाऱ्यावर टाकली. तपासणी करण्याजोगी रचना लिहिण्याच्या वेळीच करावी लागते, मागाहून हातचे भरता येत नाहीत, हे तत्त्व त्यात आहे. निबंध विस्मृतीत गेला. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये व टोनी होर यांनी १९६९ मध्ये हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली, आणि ट्युरिंग यांचा मूळ निबंध १९८४ मध्ये पुन्हा छापला गेला तेव्हा कोठे त्याचे महत्त्व ध्यानी आले.

सॉफ्टवेअर-संकट : १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आज्ञावली लिहिणाराच ती चालवून पाही व चालली म्हणजे काम संपले असे मानी. दोष काढणे आणि चाचणी घेणे ही दोन भिन्न कामे आहेत, हा भेद रँड संस्थेतील चार्ल्स बेकर यांनी १९५७ मध्ये स्पष्ट केला. पहिल्याचा हेतू आज्ञावली चालती करणे हा, तर दुसऱ्याचा हेतू ती मूळ प्रश्न खरोखर सोडविते की नाही हे पाहणे हा असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) मर्क्युरी या पहिल्या समानव अवकाश प्रकल्पाकरिता आयबीएम कंपनीत स्वतंत्र चाचणी-गट नेमण्यात आला. त्या प्रकल्पातील काही गट अर्ध्या दिवसाचे काम हाती घेत व ते करण्यापूर्वीच त्याच्या चाचण्या ठरवीत. ही पद्धत चाळीस वर्षांनी नवा शोध म्हणून पुढे आली, हे पुढे दिसून येईल.

अशी शिस्त अपवादानेच आढळे. २२ जुलै १९६२ रोजी शुक्राकडे निघालेले मरिनर-१ हे यान उड्डाणानंतर पाच मिनिटांच्या आत भरकटल्यामुळे नष्ट करावे लागले. मार्गदर्शनाच्या समीकरणातील एका चिन्हावरची आडवी रेघ हस्तलिखितातून आज्ञावलीत उतरली नव्हती. आयबीएमच्या सिस्टिम-३६० या संगणक-मालिकेसाठी हाती घेतलेल्या कार्यकारी प्रणालीचे काम हजारावर माणसे लावूनही लांबत गेले. त्या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स (१९३१–२०२२) यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात अनुभवाने बनविलेले एक वेळापत्रक दिले आहे. त्यांच्या मते एकूण वेळाचा एक-तृतीयांश भाग नियोजनास, एक-षष्ठांश प्रत्यक्ष लेखनास आणि उरलेला निम्मा चाचणीस लागतो. निम्मा वेळ चाचणीसाठी राखून ठेवणारे प्रकल्प त्यांनी फारच थोडे पाहिले. पण प्रत्यक्षात निम्मा वेळ खर्च झालेला मात्र बहुतेक सर्वत्र पाहिला.

पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे ७ ते ११ ऑक्टोबर १९६८ या काळात नाटो संघटनेच्या आश्रयाखाली भरलेल्या परिषदेत या दुरवस्थेस ‘सॉफ्टवेअर-संकट’ असे नाव मिळाले, आणि परिषदेच्या शीर्षकातील ‘सॉफ्टवेअर-अभियांत्रिकी’ ही संज्ञा तेव्हापासून रूढ झाली. पुढच्या वर्षी रोम येथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेत डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) यांनी चाचणीची मर्यादा नेमकी सांगितली. चाचणीने दोष आहेत हे दाखविता येते, ते नाहीत हे कधीच दाखविता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. याचा अर्थ चाचणी व्यर्थ आहे असा काहींनी घेतला, तो बरोबर नाही. केवळ चाचणीवर विसंबून राहता येत नाही, एवढाच तो आहे.

याच सुमारास झालेला एक गैरसमज येथे नोंदविण्यासारखा आहे. विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्ये एका निबंधात अपेक्षांचे विवरण, आराखडा, लेखन, चाचणी, वापर असे टप्पे एकाखाली एक धबधब्यासारखे काढून दाखविले. ही आकृती पुढे पाठ्यपुस्तकांत व सरकारी करारांत आदर्श म्हणून मिरविली. रॉइस यांनी स्वतः त्याच निबंधात ही साधी पद्धत धोक्याची असून अपयशास आमंत्रण देणारी आहे, असे म्हटले होते. चाचणी सर्वांत शेवटी येत असल्याने आराखड्यातील मूलभूत चूक तेव्हाच उघडी पडते व सगळे काम मुळापासून करावे लागते, हे त्यांचे कारण होते. आकृती पाहिली गेली आणि मजकूर वगळला गेला.

तपासणीची पद्धत : आज्ञावली न चालविता ती वाचून दोष काढण्याची शिस्तबद्ध पद्धत आयबीएममधील मायकेल फेगन यांनी बसविली व १९७६ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. कामाचा एक टप्पा पुरा झाला, की चार-एक जण एकत्र बसतात. त्यांत आराखडा करणारा, आज्ञावली लिहिणारा व चाचणी घेणारा असतो. सूत्रधार मात्र दुसऱ्या कामावरचा असणे इष्ट मानले जाते. एक जण मजकूर स्वतःच्या शब्दांत समजावून सांगतो व इतर दोष शोधतात. दोष नोंदवावयाचा असतो. तो कसा दुरुस्त करावा याची चर्चा तेथे करावयाची नसते. बैठक दोन तासांहून अधिक चालवावयाची नाही, कारण त्यानंतर माणसाचे लक्ष उडते. फेगन यांनी घातलेली एक अट विशेष महत्त्वाची आहे. या बैठकीत सापडलेल्या दोषांचा उपयोग लेखकाच्या कामाचे मूल्यमापन करण्यासाठी वरिष्ठांनी कदापि करता कामा नये. तसे झाले, तर दोष सापडणे बंद होते. ते नाहीसे होत नाहीत. ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ मध्ये चाचणीवरील आपल्या पुस्तकात याचीच मानसशास्त्रीय बाजू मांडली. आज्ञावली बरोबर आहे हे दाखविण्यासाठी जो चाचणी घेतो त्याला ती बरोबरच दिसते. म्हणून चूक सापडावी या हेतूनेच चाचणी घ्यावी आणि लेखकाने स्वतःच्या आज्ञावलीची चाचणी घेण्याचे टाळावे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

स्पेस शटलची आज्ञावली : वरील सर्व विचार एकाच प्रकल्पात मुरविल्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अ. सं. सं.च्या स्पेस शटल या पुनःपुन्हा वापरावयाच्या अवकाशयानाची आज्ञावली होय. ह्यूस्टन येथील आयबीएमच्या विभागाने ती लिहिली. यानात एकच आज्ञावली चालविणारे चार संगणक असत आणि पाचव्यात रॉकवेल कंपनीने स्वतंत्रपणे लिहिलेली राखीव आज्ञावली असे. चारही संगणकांत एकच दोष असला, तर पाचवा उपयोगी पडावा हा हेतू. हीच व्यवस्था पहिल्या उड्डाणाच्या आड आली. १० एप्रिल १९८१ रोजी उड्डाणास वीस मिनिटे उरली असता राखीव संगणकाचा इतर चौघांशी कालमेळ बसेना व उड्डाण रद्द करावे लागले. प्रत्यक्ष प्रक्षेपण दोन दिवसांनी, १२ एप्रिलला झाले.

या दोषाचा माग काढला असता जे दिसले ते उद्‌बोधक आहे. पहिला प्रमुख संगणक सुरू करण्याच्या क्षणीच त्याची कालगणना किंचित चुकण्याची शक्यता आज्ञावलीत निर्माण झाली होती. सु. दोन वर्षांपूर्वी केलेल्या एका निरुपद्रवी दिसणाऱ्या बदलामुळे ती आली होती. त्यानंतर सु. एक वर्षाने झालेल्या दुसऱ्या बदलामुळे ती ६७ त १ इतकी वाढली. संगणक एकदा बरोबर सुरू झाला, की पुढे कितीही चाचण्या घेतल्या तरी दोष दिसत नसे. आणि तो सुरू करण्याचा क्षण नेहमीच्या चाचण्यांत फारसा येत नसे. हजारो तासांच्या चाचण्यांतून निसटलेली ही चूक नेमकी पहिल्या उड्डाणाच्या दिवशी प्रकट झाली. संगणक बंद करून पुन्हा सुरू करताच ती नाहीशी झाली.

ह्यूस्टनच्या गटाची खरी कमाई यानंतरच्या वर्तनात दिसते. आज्ञावली लिहिणारे आणि तिची पडताळणी करणारे असे दोन स्वतंत्र गट तेथे होते व त्यांचे वरिष्ठही निराळे होते. पडताळणी करणाऱ्यांनी प्रतिपक्षाची भूमिका घ्यावयाची आणि त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून लिहिणाऱ्यांनी आधीच आपसांत कसून तपासणी करावयाची, अशी चुरस मुद्दाम जोपासली होती. दोष सापडला, की तो दुरुस्त करून काम थांबत नसे. तो शिरला कसा, आधीच्या कोणत्या तपासणीतून निसटला, त्याच जातीचे आणखी दोष इतरत्र असतील काय आणि कामाच्या पद्धतीत काय बदलले म्हणजे तो पुन्हा शिरणार नाही, हे पाहिले जाई. दोष माणसाचा नसून पद्धतीचा आहे असे मानल्यामुळे तो लपविण्याचे कारण कोणाला उरत नसे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार प्रत्येकी ४ लक्ष २० हजार ओळींच्या लागोपाठच्या तीन आवृत्त्यांत प्रत्येकी एकच दोष आढळला होता. १९८१ ते २०११ या काळात शटलची १३५ उड्डाणे झाली. त्यांतील चॅलेंजर (१९८६) व कोलंबिया (२००३) या दोन यानांचा अंतराळवीरांसह नाश झाला. परंतु या दोन्ही दुर्घटनांचे कारण आज्ञावली नव्हते.

चॅलेंजरच्या चौकशी आयोगावर असलेले भौतिकीविज्ञ रिचर्ड फाइनमन (१९१८–८८) यांनी अहवालास जोडलेल्या आपल्या परिशिष्टात यानाच्या एंजिनांबाबत व व्यवस्थापनाबाबत कठोर टीका केली; सॉफ्टवेअरच्या तपासणी-पद्धतीची मात्र त्यांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. अंतिम पडताळणीत अनपेक्षित दोष सापडण्याचे प्रसंग तोवर अवघे सहाच्या आसपास घडले होते. त्याच ठिकाणी त्यांनी एक इशाराही दिला आहे. इतक्या खर्चिक चाचण्यांची आता गरज नाही, त्या कमी कराव्यात, अशी सूचना व्यवस्थापनाकडून येऊ लागली होती. चाचण्यांत दोष सापडत नाहीत, हेच कारण त्यासाठी पुढे केले जात होते. थोडासा बदल केला, तरी दूरच्या भागावर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून या सूचनेचा प्रतिकार केला पाहिजे, असे फाइनमन यांनी निक्षून सांगितले. गुणवत्ताहमीचे यश तिच्याच मुळावर कसे येते, याचे याहून स्पष्ट निदान क्वचितच सापडेल.

थेरॅक-२५ : याच काळात याच्या नेमके उलट उदाहरण कॅनडात तयार होत होते. ‘अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड’ या कंपनीने कर्करोगावरील किरणोपचारासाठी थेरॅक-२५ हा कणवेगवर्धक बनविला. अशी अकरा यंत्रे अ. सं. सं. व कॅनडा येथील रुग्णालयांत बसविण्यात आली. हे यंत्र इलेक्ट्रॉन शलाका किंवा क्ष-किरण या दोन्हींनी उपचार करी. क्ष-किरणांसाठी शलाकेची तीव्रता सु. शंभर पटींनी वाढवावी लागे व त्या वेळी मार्गात लक्ष्यपट्टिका असणे अत्यावश्यक असे. थेरॅक-२० या आधीच्या यंत्रात पट्टिका जागेवर नसेल, तर विद्युत् व यांत्रिक अटकाव शलाका सुरू होऊ देत नसत. नव्या यंत्रात हे अटकाव काढून टाकून त्यांचे काम आज्ञावलीवर सोपविण्यात आले. ही आज्ञावली एकाच व्यक्तीने काही वर्षांत लिहिली होती. जुन्या यंत्रांच्या आज्ञावल्यांचे भाग तीत घेतले होते. निरनिराळे भाग सुटे करून घेतलेल्या चाचण्या फारच थोड्या झाल्या. संपूर्ण यंत्र चालवून पाहण्यावर भर राहिला. मार्च १९८३ मध्ये कंपनीने केलेल्या सुरक्षा-विश्लेषणात सॉफ्टवेअरमधील उरलेले दोष गृहीतच धरले नव्हते. विपुल चाचण्यांमुळे ते कमी झालेले आहेत आणि आज्ञावली झिजत नाही, असे त्यात म्हटले होते. दुसरे विधान खरे आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र घातक ठरला.

जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात सहा रुग्णांना मर्यादेच्या कित्येक पट मात्रा मिळाली व त्यांपैकी निदान तिघे त्यामुळे दगावले. प्रारंभीच्या तक्रारींना अशी अतिमात्रा या यंत्राकडून होणे शक्यच नाही, असे उत्तर मिळत गेले. टेक्सस राज्यातील टायलर येथे मार्च व एप्रिल १९८६ मध्ये लागोपाठ दोन अपघात झाले. पडद्यावर दोन्ही वेळा ‘बिघाड ५४’ एवढीच अक्षरे उमटली होती. तेथील रुग्णालयाच्या भौतिकीविज्ञाने यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञ स्त्रीच्या मदतीने तोच बिघाड पुन्हा घडवून आणण्याचा ध्यास घेतला व त्यात यश मिळविले. क्ष-किरणाचे अक्षर चुकून टंकित झाल्यावर ते बदलून इलेक्ट्रॉनाचे केले आणि ही दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत पुरी झाली, तर चुंबकांची जुळणी करण्यात गुंतलेल्या आज्ञावलीस ती कळतच नसे. कंपनीच्या चाचण्यांत हे दिसले नव्हते, कारण इतक्या वेगाने टंकन करण्याइतका सराव चाचणी घेणाऱ्यास नव्हता. महिनोन्‌महिने तेच काम करणाऱ्या तंत्रज्ञास तो झाला होता. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथील १९८७ च्या अपघातास निराळाच दोष कारण झाला. एक आठ-अंकी गणक दरवेळी एकाने वाढत असे व २५६ व्या वेळी शून्यावर येई. शून्य म्हणजे तपासणीची गरज नाही असा अर्थ असल्यामुळे त्या क्षणी सुरक्षा-तपासणी गाळली जाई.

टायलरच्या घटनेनंतर उघडकीस आलेली एक गोष्ट विशेष बोलकी आहे. तोच दोष जुन्या थेरॅक-२० मध्येही होता. शिकागो येथील एका यंत्राचे फ्यूज, शिकाऊ विद्यार्थी ते हाताळू लागले, की वारंवार उडत. फ्यूज उडे, शलाका सुरू होत नसे, आणि कोणालाही इजा होत नसे. त्यामुळे आज्ञावली निर्दोष आहे, असा समज कायम राहिला. वर्षानुवर्षे वापरात असलेली म्हणून विश्वसनीय मानलेली आज्ञावली वस्तुतः फ्यूजांच्या जोरावर सुरक्षित होती.

एरियान-५ : जुन्या आज्ञावलीवरील असाच विश्वास यूरोपीय अवकाश संस्थेच्या एरियान-५ या अग्निबाणास ४ जून १९९६ रोजी भोवला. फ्रेंच गियानातील कूरू येथून झालेल्या पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत तो चार वैज्ञानिक उपग्रहांसह नष्ट झाला. दिशा व गती मोजणाऱ्या निरूढी यंत्रणेची आज्ञावली एरियान-४ वरून जशीच्या तशी घेतलेली होती. क्षैतिज वेगाशी निगडित अशी एक ६४ अंकी संख्या १६ अंकी जागेत बसविताना ती मावली नाही व यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तीच आज्ञावली असल्याने ती क्षणभर आधीच बंद पडली होती. एरियान-४ च्या संथ मार्गावर ही संख्या मर्यादेबाहेर जाणे शक्य नव्हते, म्हणून तेथे संरक्षण न ठेवण्याचा निर्णय समजून उमजून घेतलेला होता. त्या निर्णयामागील गृहीतक मात्र आज्ञावलीबरोबर पुढे गेले नाही. ट्युरिंग यांच्या भाषेत सांगावयाचे, तर हातचा लिहिलेला नव्हता. अधिक खेदाची गोष्ट अशी, की हे गणित उड्डाणानंतर करण्याची एरियान-५ ला गरजच नव्हती. जाक-लुई लिओंस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने, नव्या अग्निबाणाचा खरा मार्ग घेऊन या यंत्रणेची चाचणी झाली असती, तर दोष उड्डाणापूर्वीच सापडला असता, असा निष्कर्ष काढला.

मानके व भारत : कारखान्यातील गुणवत्ता-नियंत्रणाचे जनक वॉल्टर शूहार्ट (१८९१–१९६७) हे १९४७-४८ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून भारतात आले होते, त्यामुळे हा विचार येथे अपरिचित नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर-अभियांत्रिकी संस्थेत वॉट्स हम्फ्री (१९२७–२०१०) यांनी शूहार्ट यांच्या परंपरेतील कल्पना सॉफ्टवेअर-संस्थांना लावून पाच पायऱ्यांचे परिपक्वता-प्रतिमान तयार केले. १९९० नंतरच्या दशकात पाचवी पायरी गाठणाऱ्या जगातील पहिल्या काही संस्थांत बंगलोर येथील मोटोरोलाची शाखा होती व पुढे अनेक भारतीय कंपन्या त्या पंक्तीत बसल्या. दूरदेशीच्या ग्राहकाला न पाहिलेल्या कंपनीचा भरवसा वाटावा, यासाठी या प्रमाणपत्रांचा मोठा उपयोग झाला. प्रमाणपत्र कामाच्या पद्धतीस मिळते, तयार झालेल्या वस्तूस नव्हे, हा भेद मात्र जाहिरातींत नेहमीच पाळला गेला असे नाही. पुणे येथे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात आज्ञावली न चालविता केवळ तिच्या संहितेचे विश्लेषण करून दोष शोधणाऱ्या साधनांवर काम झाले आहे.

अलीकडील काळ : केंट बेक यांनी १९९६ च्या सुमारास क्रायस्लर मोटार कंपनीच्या वेतन-प्रणालीच्या कामात आधी चाचणी लिहावयाची व मग ती उत्तीर्ण होईल एवढीच आज्ञावली लिहावयाची, ही पद्धत अंगीकारली. मर्क्युरी प्रकल्पातील जुनी रीत येथे यंत्राच्या साहाय्याने परत आली. कारण चाचणी हीही एक आज्ञावलीच असल्याने प्रत्येक बदलानंतर सर्व चाचण्या पुन्हा आपोआप घेता येऊ लागल्या. बेक व एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झूरिक ते अटलांटा या विमानप्रवासात लिहिलेले जेयुनिट हे साधन त्यासाठी जगभर वापरले गेले. चाचण्यांची संख्या यामुळे अफाट वाढली. लेखक व परीक्षक पुन्हा एकच झाल्याने मायर्स यांचा जुना आक्षेप मात्र नव्याने लागू पडतो. स्वतः न कल्पिलेली चूक स्वतः लिहिलेल्या चाचणीत येत नाही.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीने पाठविलेल्या एका अद्ययावत माहिती-संचामुळे विंडोज प्रणालीचे सु. ८५ लक्ष संगणक बंद पडले. रुग्णालये, बँका व विमानसेवा यांचे व्यवहार थांबले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. माहिती-संचाच्या नमुन्यात २१ रकाने ठरविलेले होते व ते वाचणाऱ्या आज्ञावलीस २० च पुरविले जात होते. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असे चिन्ह असल्याने तो कधी वाचलाच गेला नव्हता. संच योग्य आहे की नाही हे ठरविणाऱ्या पडताळणी-आज्ञावलीतही २१ रकाने मिळतील असेच गृहीत धरलेले होते. आज्ञावलीच्या नव्या आवृत्त्या टप्प्याटप्प्याने पाठविण्याची रीत कंपनीत होती. माहिती-संच मात्र आज्ञावली नव्हे, म्हणून तो सर्वांना एकदम पाठविला जात असे. या घटनेनंतर रकान्यांची संख्या तपासण्याची आज्ञा घालण्यात आली आणि माहिती-संचही आधी थोड्या संगणकांवर पाठवून मग इतरांना देण्याची पद्धत कंपनीने सुरू केली.